एक, दोन, तीन, चार: आकड्यांच्या नावातली अक्षरं मराठीतच मोजूया

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीच्या कोड्यांच्या पानावर मागे एक ओळ छापून आली होती, की चार ही एकच संख्या अशी आहे जिच्या नावात तिच्याइतकीच अक्षरं आहेत. मी लगेच 'चार' लिहून बघितलं. चा आणि र, अक्षरं झाली दोन. म्हणजे ही ओळ इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली होती, तिथे 'फोर' लिहायला खरंच चार अक्षरं लागतात. चूक काढायला हे पत्र लिहीत नाहीये, उलट त्या एका ओळीमुळे मी मराठी आकड्यांच्या नावांची अक्षरं मोजायला बसले आणि जे हाती लागलं ते इतकं सुंदर आहे की ते आपल्या वाचकांपर्यंत पोचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून पत्र जरा लांबलंय, पण कृपया पूर्ण छापा.

आधी खेळ काय आहे ते सांगते. कुठलाही आकडा घ्यायचा, त्याचं नाव अक्षरात लिहायचं, अक्षरं मोजायची, जो नवा आकडा येईल त्याचं नाव लिहायचं, परत मोजायची, असं करत राहायचं. इंग्रजीत बारा म्हणजे ट्वेल्व्ह, त्यात सहा अक्षरं, सहा म्हणजे सिक्स, त्यात तीन, तीन म्हणजे थ्री, त्यात पाच, पाच म्हणजे फाइव्ह, त्यात चार, आणि चार म्हणजे फोर, त्यातही चारच, की थांबलं. इंग्रजीत कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी चारवरच येऊन थांबतं. इटालियनमध्ये 'त्रे' म्हणजे तीन आणि त्यात अक्षरंही तीन, स्पॅनिशमध्ये 'सिंको' म्हणजे पाच आणि अक्षरंही पाच. फ्रेंचमध्ये मात्र थांबायची जागाच नाही, तिथे चारच्या नावात सहा अक्षरं, सहाच्या नावात तीन, तीनच्या नावात पाच आणि पाचच्या नावात चार, म्हणजे चार, सहा, तीन, पाच हे एकमेकांकडे बोट दाखवत गोल गोल फिरत राहतात, कधीच थांबत नाहीत. हिंदीतही असंच होतं पण छोट्या वर्तुळात, 'एक' मध्ये दोन अक्षरं आणि 'दो' मध्ये एकच अक्षर, की परत एक, परत दो. गुजरातीत 'एक' आणि 'बे' यांचं तेच.

आता मराठी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येकात अक्षरं मोजा. दोन, दोन, दोन, दोन, दहाच्या दहा आकड्यांत बरोबर दोन! इतकी वर्षं हे आकडे रोज म्हणत होते पण ही गोष्ट कधी डोळ्यात भरली नव्हती. त्यामुळे मराठीत थांबायची जागा आहे 'दोन', कारण दोन या शब्दात दोनच अक्षरं आहेत, आणि कुठूनही निघालं तरी तिथे पोचायला वेळ लागत नाही. शंभराच्या आतल्या कुठल्याही आकड्याच्या नावात सहापेक्षा जास्त अक्षरं नसतात, म्हणजे पहिल्या फेरीत आपण सहा किंवा त्याच्या आत येतो आणि दुसऱ्या फेरीत दोनवर. एकोणऐंशी घ्या, ए-को-ण-ऐं-शी, पाच, आणि पाच म्हणजे पा-च, दोन. संपलं.

पण मग मला प्रश्न पडला की 'अक्षर' म्हणजे नेमकं काय मोजायचं? इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, सुटी सुटी अक्षरं असतात, मोजली की झालं. आपल्याकडे चा हे एक अक्षर धरायचं, की च आणि काना अशी दोन चिन्हं, की च् आणि आ असे दोन वर्ण? मग मी सगळ्या पद्धतींनी मोजून बघितलं आणि इथे खरी गंमत सुरू झाली.

नुसत्या उच्चाराचे तुकडे मोजले, म्हणजे तोंडातून शब्द किती झटक्यात बाहेर पडतो ते, तर 'एक' आपण 'एक्' असा एका झटक्यात म्हणतो. एकमध्ये एक. दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हेही एकाच झटक्यात म्हणून होतात, तर सहा, नऊ, दहा यांचे दोन-दोन तुकडे पडतात. म्हणजे सहावरून दोन, दोनवरून एक, आणि एकवर थांबलं. या पद्धतीत शेवटचा मुक्काम एक.

लिहिलेली अक्षरं मोजली, काना-मात्रेसकट एक अक्षर आणि जोडाक्षर हेही एकच अक्षर, तर मुक्काम दोन. ते वर सांगितलंच.

मोबाईल किंवा कॉम्प्युटर जशी मोजतो तशी चिन्हं मोजली, म्हणजे मूळ अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, तर 'तीन' मध्ये त, वेलांटी, न अशी तीन चिन्हं होतात. तीनमध्ये तीन! (बऱ्याच मोबाईलवर 'तीन' टाइप करून बॅकस्पेस दाबत गेलं की आधी न जातो, मग वेलांटी, मग त, तिथे हे डोळ्यांना दिसतं.) 'दोन' मध्येही तीन चिन्हं, कारण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो त्यात) 'ो' हे एकच चिन्ह आहे, आणि एक, आठ, नऊ यांच्यात दोन. म्हणजे आठवरून दोन, दोनवरून तीन, तीनवर मुक्काम.

आणि शाळेच्या व्याकरणात वर्णविग्रह करायला शिकवतात तसं केलं तर चार म्हणजे च् + आ + र् + अ, चार वर्ण. चारमध्ये चार! एक, आठ, नऊ यांचे तीन-तीन वर्ण आणि दहापर्यंतच्या बाकी सगळ्यांचे चार-चार, त्यामुळे सगळे चारवरच येतात. म्हणजे आपण छापलेली ती ओळ वर्ण मोजले तर मराठीतही अगदी बरोबर आहे, फक्त 'अक्षरं' च्या जागी 'वर्ण' लिहायला हवं होतं.

झटके मोजले की एक, अक्षरं मोजली की दोन, चिन्हं मोजली की तीन, वर्ण मोजले की चार. मोजायच्या चार पद्धती आणि त्यांचे मुक्काम एक, दोन, तीन, चार, अगदी ओळीने. आणि प्रत्येक पद्धतीत मुक्काम एकच, दुसरा नाही, कारण अकराच्या पुढे आकडे भराभर मोठे होत जातात आणि त्यांची नावं मात्र त्या वेगाने लांबत नाहीत. हे कुणी ठरवून केलेलं नाही, भाषा आपली आपण शेकडो वर्षं घडत आली आणि तिच्यात हे असं बसलेलं आहे. मला हे कळलं तेव्हा मी परत परत मोजून बघितलं आणि ते तसंच आहे.

यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली, मराठीत असं कोडं द्यायचं असेल तर काय मोजायचं हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे, नाहीतर चार जणांची चार उत्तरं येणार आणि चौघंही बरोबर असणार. मला विचाराल तर लिहिलेली अक्षरं मोजावीत. कारण आपल्याकडे आकड्यांची स्पेलिंग सगळीकडे सारखी नसतात, कुणी पंच्याहत्तर लिहितं कुणी पंचाहत्तर, कुणी एक्क्याण्णव तर कुणी एक्याण्णव, अठ्ठावीसचंही तसंच, आणि वर्ण किंवा चिन्हं मोजायला गेलं की प्रत्येक ठिकाणी वाद सुरू. अक्षरं मोजली तर यातले बहुतेक वाद आपोआप गळून पडतात, जोडाक्षरात किती व्यंजनं घुसवली तरी अक्षर एकच राहतं. त्र्याहत्तरमधला त्र्या केवढा अवघड, पण मोजायला एक. थोडे शब्द तरीही अडचणीचे राहतात, जसं की तेहतीसला बोलताना बरेच जण तेत्तीस म्हणतात आणि तिथे चाराची तीन अक्षरं होतात, पण अशा वेळी शब्दकोशातलं रूप धरायचं एवढं सांगितलं की काम भागतं.

आता नुसत्या मोजणीतून क्रमिका, म्हणजे एका नियमाने ओळीत मांडलेले आकडे, कशी तयार होते बघा. एकपासून वीसपर्यंतच्या आकड्यांची अक्षरं ओळीने लिहिली तर आधी दहा वेळा २, मग ३, २, २, २, ३, २, ३, ३, ४, २. कुणाला नुसते हे आकडे दाखवून 'पुढचं पद काय' असं विचारलं तर भला हुशार माणूसही अडकेल, कारण तो बेरीज-गुणाकार शोधत बसेल आणि उत्तर तर भाषेत आहे (पुढचं पद ४, ए-क-वी-स). यातच अजून एक क्रमिका दडलेली आहे. दोन अक्षरांचं नाव असलेली सगळ्यात छोटी संख्या कोणती? एक. तीन अक्षरांची? अकरा. चार अक्षरांची एकोणीस, पाच अक्षरांची एकोणतीस, सहा अक्षरांची एकोणचाळीस. मग सात अक्षरं हवी असतील तर शंभराच्या आत काही मिळत नाही, थेट एकशे एकोणीसवर जावं लागतं, आठसाठी एकशे एकोणतीस आणि नऊसाठी एकशे एकोणचाळीस. म्हणजे १, ११, १९, २९, ३९, ११९, १२९, १३९. नऊ अक्षरांच्या पुढे हजाराच्या आत काहीच नाही, कारण एकशेपासून नऊशेपर्यंत सगळ्या शेकड्यांची तीन-तीनच अक्षरं आहेत, हे पण मजेशीरच. या क्रमिकेत जिकडे तिकडे 'एकोण' का, तर आपण एकोणतीस म्हणतो तेव्हा तिसातून एक कमी असं सांगतो, आणि कमी सांगायला तीन जादा अक्षरं लागतात. जवळजवळ प्रत्येक दशकात सगळ्यात लांब नाव एकोणवाल्याचंच. सत्तरीत फक्त बरोबरी होते, एकोणऐंशीची पाच आणि एकाहत्तर, चौऱ्याहत्तर वगैरेंचीही पाच. आणि नव्याण्णव या लायनीतच बसत नाही कारण आपण एकोणशंभर म्हणत नाही.

असल्या क्रमिकांना गणितात कुणी विचारत नाही, हा नुसता टाइमपास आहे, असं कुणाला वाटेल म्हणून सांगते. नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने १९६४ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असतानाच, पूर्णांकांच्या क्रमिका गोळा करायला सुरुवात केली, १९७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं त्यात २३७२ क्रमिका होत्या, १९९६ मध्ये तो संग्रह इंटरनेटवर आला आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत, जगभरचे गणितज्ञ रोज त्यात शोधाशोध करतात. त्या संग्रहात मूळ संख्या आणि फिबोनाची यांच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतल्या आकड्यांच्या नावांवरून केलेल्या क्रमिकाही आहेत, मानाने ठेवलेल्या.

त्यातलीच एक मला सगळ्यात आवडते, तिला अ‍ॅरॉन्सनची क्रमिका म्हणतात, संग्रहातला नंबर ए००५२२४. ती एका इंग्रजी वाक्यातून येते, त्या वाक्याचा अर्थ असा की 'टी हे या वाक्यातलं पहिलं, चौथं, अकरावं, सोळावं... अक्षर आहे', आणि खरंच त्या इंग्रजी वाक्यातली अक्षरं मोजत गेलं की टी नेमका त्याच जागांवर सापडतो, १, ४, ११, १६, २४, २९, ३३, ३५, असं पुढे पुढे. वाक्य स्वतःचंच वर्णन करतं, आणि ते वर्णन करायला जे शब्द वापरले त्यांच्यात परत टी येतात म्हणून वर्णन अजून लांबवावं लागतं.

याच्या भाषांतरात काही हशील नाही, कारण वर मी मराठीत जो अर्थ दिला त्यात सुरुवातीचा टी सोडला तर टी कुठेच नाही! आपल्याला आपलं वाक्य आपणच शोधायला पाहिजे. मग मी विचार केला की इंग्रजीत क्रम सांगणाऱ्या शब्दांत टी वारंवार येतो तसं मराठीत काय येतं? पाचवं, सहावं, सातवं, आठवं... पाचपासून पुढे सगळ्यांच्या शेवटी 'वं'. मग 'वं' या अक्षरावरच वाक्य करायचं. सुरुवात अशी: वं पहिलं. इथे वं पहिल्या जागेवर आहे, मग प, हि, लं ही दुसरी, तिसरी, चौथी. आता पाचव्या जागेपासून असा शब्द पाहिजे ज्याचा शेवटचा वं बरोबर त्या शब्दात सांगितलेल्या जागेवर पडेल. सा पाचवं, त सहावं, वं सातवं. सातवं! बसलं. पुढे द आठवं, हा नववं, वं दहावं. दहावं बसलं. मग तेरावं, मग सोळावं, तीन-तीन अक्षरांची पावलं पडत जातात. सोळानंतर ए, क, वि, सा, वं, पाच अक्षरं, सतरापासून मोजली तर एकविसाव्या जागेवर शेवट, एकविसावं पण बसलं.

आणि इथे अडतं. बाविसाव्या जागेपासून कुठलाच शब्द बसत नाही. पंचविसावं बसायला चार अक्षरं हवीत पण त्यात आहेत पाच, सव्विसावं बसायला पाच हवीत तर त्यात चार, सत्ताविसावं बसायला सहा हवीत तर त्यात पाच. अठ्ठाविसावं बसायला सात हवीत आणि त्यात आहेत पाच, म्हणजे दोन अक्षरं कमी पडतात. आणि मराठीत यादीच्या शेवटच्या शब्दाआधी आपण काय लिहितो? 'आणि'. दोन अक्षरं! झालं की वाक्य:

वं पहिलं, सातवं, दहावं, तेरावं, सोळावं, एकविसावं आणि अठ्ठाविसावं अक्षर आहे.

पेन्सिल घेऊन मोजा. वं १, ७, १०, १३, १६, २१ आणि २८ या जागांवर आहे, बाकी कुठेही नाही (एकविसावंमधला वि हे वेगळं अक्षर, तो वं नव्हे), आणि वाक्याने एकही जागा सोडलेली नाही की खोटी सांगितलेली नाही. ज्यांना बोलीतला अनुस्वार छापण्यात खटकतो त्यांनी सगळीकडे वे करावं, 'वे पहिले, सातवे, दहावे', जागा त्याच राहतात.

इंग्रजी वाक्यात आणि यात एक मोठा फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत एकेका शब्दात दोन-दोन टी येतात, त्यामुळे वाक्य पुढे धावतं आणि यादी मागून येते, पुढचं पद काय हे आधीच लिहिलेल्या शब्दांत ठरून गेलेलं असतं, आपल्याला निवड करायला जागाच नसते. मराठीत वं प्रत्येक शब्दात एकदाच आणि तोही शेवटी, म्हणून प्रत्येक शब्दाला स्वतःच्याच शेपटीचा पत्ता सांगावा लागतो. हे जास्त अवघड आहे, कारण कधी कधी वाट बंद होते, पण काही ठिकाणी दोन शब्द बसतात आणि दोन फाटे फुटतात. असा चक्रव्यूह इंग्रजीवाल्या वाक्यात नाही.

स्वतःबद्दल खरं सांगणारी छोटी वाक्यं तर कुणालाही करता येतील. 'या वाक्यात पाच शब्द आहेत' हे खरं आहे पण त्यात दम नाही, शंभरापर्यंतचा कुठलाही आकडा मराठीत एकाच शब्दाचा, त्यामुळे आकडा बदलला तरी शब्दांची संख्या हलत नाही. अक्षरं मोजायला लागलं की आकड्याचं नावच हिशोबात घुसतं आणि मग मजा येते. 'या वाक्यात बारा अक्षरं आहेत.' मोजा, या-वा-क्या-त चार, बा-रा दोन, अ-क्ष-रं तीन, आ-हे-त तीन, एकूण बारा. बाराच्या जागी दुसरा कुठलाही आकडा घातला तर वाक्य खोटं पडतं. 'फक्त' घालून बघायचं असेल तर 'या वाक्यात फक्त चौदा अक्षरं आहेत', हेही खरं. पण 'एकूण' घाला, 'या वाक्यात एकूण अमुक अक्षरं आहेत', आणि आकडा शोधत बसा, सापडणार नाही! आकड्याशिवाय अक्षरं तेरा, म्हणजे पंधरा घालायचा तर त्यात दोन अक्षरं हवीत पण आहेत तीन, सोळा घालायचा तर तीन हवीत पण आहेत दोन, सतरा घालायचा तर चार हवीत पण आहेत तीन, अठराला पाच हवीत आणि आहेत तीन, एकोणीसला सहा हवीत आणि आहेत चार. पुढे तर अंतर याहून मोठंच राहतं. एका साध्या शब्दाने वाक्याचं खरं होणंच अशक्य करून टाकलं. मुलांना 'उत्तर नाही' हेही एक उत्तर असतं आणि ते सिद्ध करावं लागतं, हे शिकवायला याच्यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही, यात बेरजेपलीकडे काही लागत नाही.

भाषांतराने काय होतं याचं अजून एक उदाहरण देते. ली सॅलोज यांनी १९८६ मध्ये मांडलेला एक जादूचा चौकोन आहे. पहिली ओळ ५, २२, १८, दुसरी २८, १५, २, तिसरी १२, ८, २५. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही बेरीज ४५. आणि प्रत्येक आकड्याच्या जागी त्याच्या इंग्रजी नावातली अक्षरसंख्या लिहिली की ४, ९, ८, मग ११, ७, ३, मग ६, ५, १०, तो चौकोनही जादूचाच निघतो, प्रत्येक बेरीज २१, आणि आकडे कुठले तर तीनपासून अकरापर्यंत सलग, एकही परत आलेला नाही. थक्क करणारी गोष्ट आहे. आता मराठीत आणा. पाच, बावीस, अठरा यांची २, ३, ३, बेरीज आठ, अठ्ठावीस, पंधरा, दोन यांची ४, ३, २, बेरीज नऊ, की तिथेच जादू गेली. उलट एक ते नऊचा जो साधा चौकोन सगळ्यांना पाठ असतो, ४, ९, २ / ३, ५, ७ / ८, १, ६, तो मराठीत आपोआप असा दुहेरी जादूचा होतो, कारण सगळ्या घरात दोन-दोन अक्षरं आणि बेरीज सगळीकडे सहा. हे बरोबर आहे पण फिकं आहे, सगळी घरं सारखीच. सगळ्या घरात सारखी अक्षरं नसलेला, उभ्या-आडव्या-तिरप्या बेरजा जुळणारा खरा मराठी चौकोन शोधायला बसण्यासारखं काम आहे, आणि ते करायला संशोधक असायची गरज नाही, एक ते शंभर नीट लिहिता आले पाहिजेत.

भाषांतर करून चालतील अशाही क्रमिका आहेत, त्या खुशाल द्या. जॉन कॉन्वे या गणितज्ञाने १९८६ मध्ये जिचा कसून अभ्यास मांडला ती 'बघा आणि बोला' क्रमिका कुठल्याही भाषेत तशीच राहते, आधीच्या पदात कुठला अंक सलग किती वेळा आहे ते बघायचं आणि बोलायचं: १, मग 'एक एक' म्हणून ११, मग 'दोन एक' म्हणून २१, मग १२११, मग १११२२१. तिच्यात तीनपेक्षा मोठा अंक कधीच येत नाही आणि पुढे गेलं की प्रत्येक पदाची लांबी आधीच्या पदाच्या साधारण १.३०३६ पट होत जाते. लहान मुलांना हे लगेच जमतं. पण जिथे आकड्याच्या नावातली अक्षरं मोजायची आहेत तिथे दुसऱ्या भाषेतलं उत्तर मराठीत छापू नका एवढी माझी कळकळीची विनंती आहे. वाचक मोजून बघतात, त्यांना उत्तर जुळत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्यालाच कळत नाहीये. आणि आपल्या भाषेत याहून सरस काहीतरी पडलेलं असतं ते तसंच राहून जातं.

म्हणून आपल्याला सुचवावंसं वाटतं की कोड्यांच्या पानावर अधूनमधून अर्धा कॉलम मराठी आकड्यांच्या नावांना द्यावा, वर एका ओळीत नियम लिहावा (लिहिलेलं अक्षर एक, जोडाक्षरही एकच, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, रूप शब्दकोशातलं), आणि वाचकांकडून वाक्यं, क्रमिका, चौकोन मागवावेत. उत्तर तपासायला संपादकांना गणिताचा माणूस बसवायला नको, मोजलं की कळतं. आकड्यांची नावं मुलांना पाठ होत नाहीत, सदुसष्ट म्हटलं की लिहिता येत नाही, अशी तक्रार सगळेच करतात, त्यांना हे शब्द अक्षर-अक्षर करून मोजायला लावले तर ती नावं आपोआप हाताखालून जातील, असा मला विश्वास आहे.

पहिलं कोडं माझ्याकडून घ्या. वरच्या 'वं' च्या वाक्यात सातवं झाल्यावर मी दहावं घेतलं, पण तिथे अकरावंही बसतं, अ-क-रा-वं, आठपासून मोजा. त्या बाजूने गेलं तर पुढे परत दोन फाटे आहेत, चौदावं आणि पंधरावं. पंधरावं घेतलं तर पुढे लगेच वाट बंद. चौदावं घेतलं तर अठरावं आणि एकोणिसावं असे दोन्ही शब्द बसतात, आणि त्यातल्या एका वाटेने मध्ये 'आणि' न घालता नेमका अठ्ठाविसाव्या जागेवर वं आणता येतो आणि तिथूनही पुढे जाता येतं. कोणत्या वाटेने आणि कुठपर्यंत, ते वाचकांनी लिहून पाठवावं.

आपली,
कोड्यांचं पान नियमित वाचणारी एक वाचक